‘स्वमग्न’ कोणाला म्हणावे? : प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तीचा शीण आणि बारामती-इंदापूरचा परिसर

ऑटिझम या अवस्थेसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. शासकीय परिपत्रके, विशेष शाळांची माहितीपत्रके, वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या आणि शिक्षणशास्त्राची पुस्तके यांतून तो सर्रास आढळतो. ‘आत्ममग्नता’ हे त्याचेच दुसरे रूपही अधूनमधून भेटते. शब्द सुटसुटीत आहे, उच्चारायला सोपा आहे आणि मूळ संज्ञेशी प्रामाणिकही आहे. तथापि प्रतिशब्द हे केवळ नाव नसते. त्या नावाबरोबर पाहण्याची एक रीतही येते. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला, भोवतालचे भान नसलेला, बाहेर काय चालले आहे याची फिकीर नसलेला. ही प्रतिमा एकदा मनात ठसली की ज्या माणसाला बाहेरचे जग गरजेपेक्षा फार अधिक जाणवते आणि त्या जाणवण्यानेच जो दिवसाअखेर गळून जातो, तो माणूस त्या प्रतिमेत कुठेच बसत नाही. मग त्याचा थकवा आळस ठरतो, समारंभातून उठून जाणे माज ठरते आणि कानांवर हात ठेवणे नाटक ठरते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या विसंगतीवर आहे. ऑटिस्टिक लहान मुलांविषयी मराठीत बऱ्यापैकी लिहिले गेले आहे. ती मुले मोठी होतात, महाविद्यालयात येतात, नोकरी धरतात, संसार करतात, याकडे मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे.

नामकरण आणि एक हुकलेले निरीक्षण

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास घडवली, तीही छिन्नमनस्कतेच्या संदर्भात. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयीच्या आपल्या निबंधात ती उचलली आणि पुढल्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स आस्परगर यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. मराठीने ‘ऑटोस’चे ‘स्व’ केले, एवढेच. म्हणजे दोष असलाच तर तो भाषांतराचा नाही, मूळ बारशाचाच आहे.

कॅनर यांचा निबंध आज पुन्हा वाचताना एक गोष्ट विशेष खटकते. मोठे आवाज आणि हलणाऱ्या वस्तू यांनी ही मुले घाबरीघुबरी होतात, हे त्यांनी स्वच्छ नोंदवले होते. धूळ ओढणारे यंत्र, उद्वाहक, वाहते पाणी, अंडी घुसळण्याचे यंत्र, प्रसंगी नुसता वारासुद्धा, अशी यादीच त्यांनी दिली आहे. निरीक्षण अचूक होते. परंतु त्याचा अर्थ लावताना त्यांनी निराळी वाट धरली. मूल भिते ते आवाजाला नव्हे, तर त्या आवाजाने आपल्या एकटेपणावर केलेल्या आक्रमणाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरावा म्हणून त्यांनी सांगितले की तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज मजेत करते. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण स्वतः केलेला आवाज केव्हा सुरू होणार, किती वाढणार आणि केव्हा थांबणार हे करणाऱ्याला ठाऊक असते; दुसऱ्याचा आवाज न सांगता येतो. शेजाऱ्याने भिंतीत खिळा ठोकला तर जो दचकतो, तोच माणूस स्वतः हातोडा घेऊन तासभर ठोकत बसू शकतो. यात एकटेपणाचा प्रश्न कुठे आला? तरीही ‘स्व’ हा शब्द आधीच ठरून गेल्यामुळे कानांचे दुःख मनाच्या खात्यावर मांडले गेले.

ही खातेचूक दुरुस्त व्हायला फार काळ लागला. आधी बोलल्या त्या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्रौढ व्यक्ती. पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी १९८६ च्या आत्मकथनात आणि १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ या पुस्तकात शाळेच्या घंटेने होणारी वेदना, खरखरीत कपड्यांचा जाच आणि शरीराला सर्व बाजूंनी समान दाब मिळावा म्हणून स्वतः तयार केलेले यंत्र यांचे तपशीलवार वर्णन केले. डॉना विल्यम्स यांचे ‘नोबडी नोव्हेअर’ १९९२ मध्ये आले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत इंद्रियांच्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाला निकष म्हणून स्पष्ट स्थान मिळाले ते २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे कॅनर यांच्या यादीनंतर बरोबर सत्तर वर्षांनी. या बाबतीत भारतीय मूल्यमापन श्रेणी थोडी आधी पोहोचली, हे आवर्जून सांगितले पाहिजे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या २००९ च्या ‘इसा’ या श्रेणीतील चाळीस प्रश्न सहा विभागांत वाटलेले असून त्यांतील एक संपूर्ण विभाग इंद्रियसंवेदनांचा आहे.

मात्र ही श्रेणी निरीक्षणावर आणि पालकांच्या मुलाखतीवर उभी आहे. वर्तनात जे दिसते ते ती मोजते. तीस-पस्तीस वर्षे दात-ओठ खाऊन आवाज सोसायला शिकलेली व्यक्ती तपासनीसासमोर शांत बसते, प्रश्नांची उत्तरे देते, नजरही देते. घरी गेल्यावर तिला दोन दिवस बोलवत नाही. ते दोन दिवस कोणत्याही रकान्यात येत नाहीत.

दमणे, थकणे, शिणणे

या अवस्थेच्या वर्णनासाठी मराठीला उसनवारी करण्याची गरज नाही, हा मुद्दा भाषेच्या अभ्यासकांनी तरी ध्यानात घ्यावा असा आहे. माणूस जिना चढून दमतो, दिवसभर राबून थकतो आणि कशानेतरी शिणतो. दमलेला घोटभर पाण्याने सावरतो. थकलेला एका झोपेत उठून बसतो. शीण मात्र साचत जातो. तो अंगाइतकाच डोळ्यांत, कानांत आणि मनात असतो. प्रौढ ऑटिस्टिक व्यक्ती ज्याला सामोरी जाते तो हा शीण होय. तसेच ‘कान किटणे’, ‘डोके उठणे’, ‘अंगावर येणे’, ‘नको नको होणे’ हे वाक्प्रचार पाहावेत. इतरेजन ते अलंकारिक अर्थाने वापरतात. येथे ते जवळजवळ शब्दशः खरे असतात. पंख्याची कुरकुर, नळीच्या दिव्याचे लुकलुकणे, शेजारच्या बाकावरील अत्तराचा वास, सदऱ्याच्या गळपट्टीवरची चिठ्ठी, या सर्व गोष्टी एकाच वेळी आणि एकाच मोलाच्या होऊन अंगावर येतात. कोणती ऐकायची व कोणती सोडायची, ही निवड इतरांचा मेंदू न सांगता करतो. येथे ती कष्टाने करावी लागते आणि त्या कष्टाचे मोल संध्याकाळी चुकवावे लागते.

यात एक दुष्टचक्र आहे. शीण वाढला की सोसण्याची मर्यादा खाली येते. सकाळी चाललेला आवाज रात्री चालत नाही. आणि इंद्रिये ताणलेली राहिल्याने झोप लागत नाही. अति दमलेले तान्हे मूल जसे झोपण्याऐवजी किरकिरत राहते, तसेच हे आहे. फक्त प्रौढाला किरकिरण्याची मुभा नसते. डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांच्याच कथनांवरून या अवस्थेची व्याख्या केली. दीर्घकाळ, साधारणपणे तीन महिने वा अधिक, टिकणारे संपूर्ण गळून जाणे, येत असलेली कामे येईनाशी होणे आणि बाह्य उद्दीपनांची सहनशक्ती घटणे, ही तिची लक्षणे. कारण म्हणून त्यांनी आयुष्यभराचा ताण आणि पुरेशा आधाराविना पेलाव्या लागणाऱ्या अपेक्षा यांकडे बोट दाखवले. इतरांसारखे दिसण्यासाठी अहोरात्र वठवावे लागणारे सोंग हे त्या ताणाचे एक मोठे अंग आहे.

‘सवय होईल’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला या ठिकाणी तपासून पाहावा लागतो. सरावाने आवाज बोथट होतो, हा बहुतेकांचा अनुभव खरा आहे. परंतु इंद्रियसंवेदनशील ऑटिस्टिक मुलांच्या आणि किशोरांच्या मेंदूच्या प्रतिमांकनाचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत नेमकी ही सरावण्याची क्रियाच मंद असल्याचे आढळले आहे. तोच आवाज दहाव्यांदाही पहिल्यासारखा नवा लागतो. अशा व्यक्तीला सरावाचा उपदेश करणे म्हणजे लंगडणाऱ्याला चालण्याचा व्यायाम वाढवून देणे होय.

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्ती अतिसंवेदनशील नसते. काहींना वेदना व थंडी कमी जाणवते, काही मुद्दाम मोठा आवाज किंवा घट्ट दाब शोधतात आणि एकाच व्यक्तीत ही दोन्ही टोके एकाच दिवशी दिसू शकतात.

पडद्यावरचा न थकणारा नायक

मराठी प्रेक्षकाच्या मनातील ऑटिझमची प्रतिमा ग्रंथांपेक्षा चित्रपटांनी अधिक घडवली आहे. त्याआधीची पार्श्वभूमी ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटाची. त्यातील नंदू ऑटिस्टिक नव्हे, बौद्धिक वाढ खुंटलेला आहे. पण मोठ्या देहातील निष्पाप बालक हा जो साचा त्या चित्रपटाने घराघरांत पोहोचवला, तो पुढे सर्वच अवस्थांना लावला गेला. ‘बर्फी!’ (२०१२) मधील झिलमिल त्याच साच्यातून उतरली आहे. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर आधारलेला ‘कच्चा लिंबू’ (२०१७) हा या सर्वांत अधिक धीट चित्रपट. तोही ऑटिझमविषयी नाही. आईवडिलांची दमछाक त्याने कोणतीही साखर न पेरता दाखवली. मात्र कॅमेरा त्यांच्याच बाजूला उभा राहतो, आणि तो त्या कथेचा विषय असल्याने तसे होणे स्वाभाविकही आहे.

या चर्चेला अधिक जवळचा चित्रपट म्हणजे ‘माय नेम इज खान’ (२०१०). नायक प्रौढ आहे, त्याचे निदान उघडपणे सांगितलेले आहे आणि पिवळा रंग व कर्कश आवाज त्याला सोसत नाहीत हेही प्रेक्षकाला माहीत करून दिलेले आहे. हिंदी चित्रपटाच्या मानाने ही मोठीच मजल. परंतु पिवळ्या रंगाचा वापर पाहिला की लक्षात येते की तो नायकाची लकब म्हणून योजला आहे, जसा एखाद्या नायकाला तोतरेपणा द्यावा तसा. हा माणूस अनोळखी शहरे, बसगाड्या, गर्दी, पोलिसांची चौकशी आणि पूर यांतून अमेरिका पालथी घालतो आणि कोठेही इंद्रियांच्या ओझ्याने कोसळत नाही. कथेला त्याची संवेदनशीलता हवी आहे, तिचा हिशेब नको आहे. पटकथेच्या सोयीपुढे एवढे चालायचेच, असे म्हणता येईल. पण हा चित्रपट पाहिलेला प्राध्यापक जेव्हा वर्गातील मुलाला ‘तो तर अमेरिकाभर फिरला, तुला संमेलनात दोन तास बसवत नाही?’ अशा नजरेने पाहतो, तेव्हा ती सोय महाग पडलेली असते.

उसाच्या हंगामापासून वारीपर्यंत

सिद्धांताची परीक्षा परिसरात होते. म्हणून बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. ‘शांत ग्रामीण भाग’ ही शहरी कल्पना येथे फारशी टिकत नाही. नीरा डाव्या कालव्याने येथे ऊस आणला, उसाने कारखाने आणले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, शहाजीनगर ही गावांची नावे कारखान्यांशी एकजीव झाली आहेत. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की रस्त्यांचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि चालकाने जागे राहण्यासाठी लावलेली गाणी गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. त्यात बैलगाड्यांच्या घुंगरांची भर, पाळीच्या भोंग्याची भर, आणि वारा फिरला की मळीचा वास. हा वास येथील बहुतेकांच्या नाकाला केव्हाच ओळखीचा होऊन नाहीसा झालेला आहे. ज्याच्या नाकाला तो नाहीसा होत नाही, त्याने ही तक्रार करायची तरी कोणाकडे? हंगामावर सबंध तालुक्याचे पोट आहे. चालकाला गाणे बंद करायला सांगावे तर त्याचाही जीव त्या जागेपणावर टांगलेला आहे.

आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पुढे जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. परिसरातील घराघरांत त्या दिवशी माणसे मावत नाहीत. येथे एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. टाळ-मृदंगाचा घोष मोठा असला तरी त्याला ठेका आहे, त्याचा आरंभ व शेवट ठाऊक असतो, दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. अनपेक्षितपणा हा आवाजाच्या जाचाचा मोठा भाग असेल, तर वारीपेक्षा लग्नाच्या वरातीतील ध्वनिवर्धकांची भिंत अधिक दुःसह ठरणे तर्कसंगत आहे. तिचा ठोका छातीत उतरतो आणि ती केव्हा वळणावर येईल ते कोणी सांगत नाही. ज्यांच्या नावाने ही पालखी निघते, ते तुकोबा स्वतः भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत शोधत, हे परंपरा आदराने सांगते. संताने धरला तर ‘एकांत’, शेजारच्या मुलाने धरला तर ‘एकलकोंडेपणा’, हा भेद मराठीने केव्हा आणि का केला, याचा शोध कोशकारांनी घ्यावा.

संवेदनशीलता म्हणजे निव्वळ पीडा, असे मात्र नव्हे. बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेले मोरोपंत (१७२९-१७९४) हे नादाचे कवी. आर्येतील यमकांची त्यांची साधना प्रसिद्धच आहे. ओष्ठ्य वर्ण पूर्णपणे टाळून त्यांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कवीला आजचे निदान चिकटवणे हा निव्वळ पोरकटपणा होईल आणि तो येथे अभिप्रेत नाही. सांगायचे एवढेच की वर्णावर्णाचा निराळा स्वाद घेणाऱ्या कानाचा या गावाने एकेकाळी गौरव केला. नमुने, पुनरावृत्ती आणि सूक्ष्म फरक यांत रमणारा असाच कान आज एखाद्या ऑटिस्टिक विद्यार्थ्याकडे असू शकतो. तो कान पंख्याच्या कुरकुरीसाठी बंद करून फक्त आर्येसाठी उघडा ठेवता येत नाही.

विसाव्याच्या जागाही या परिसरात आहेत. उजनीचे पाणी भिगवण-कुंभारगावच्या बाजूला उतरू लागले की रोहित पक्षी येतात. पर्यटकांच्या नावा निघण्यापूर्वीची पहाट, सपाट पाणी, दूरवर एकाच रंगाची रांग, एवढ्याने ताणलेले डोळे सैल होतात. उसाच्या फडात नव्हे, पण माळावरच्या वस्तीवर, विहिरीच्या कट्ट्यावर, दुपारच्या रिकाम्या देवळात असे आसरे अनेकांनी न सांगता शोधलेले असतात. त्यांना ‘उपचार’ हे नाव नसते. घरची माणसे त्याला ‘भटकणे’ म्हणतात.

घर नावाची जागा

या आसऱ्यांचा लाभ प्रामुख्याने पुरुषांना मिळतो. पुरुष रानात निघून जाऊ शकतो; तिरसट, माणूसघाणा, चक्रम अशी दूषणे पदरात घेऊन का होईना, पण त्याचे जाणे खपते. घरातील स्त्रीच्या बाबतीत हे खपत नाही, आणि बहुतेक सर्व चर्चेतून तीच सुटते. मुलींचे व स्त्रियांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही, कारण लहानपणापासून त्यांना सोंग अधिक कसोशीने शिकवले जाते. नजर खाली, आवाज हळू, पाहुण्यांपुढे हसतमुख हे वळण आणि ऑटिस्टिक व्यक्तीने स्वतःला लावून घेतलेले वळण बाहेरून हुबेहूब सारखे दिसते.

एखाद्या एकत्र कुटुंबातील सकाळ डोळ्यांपुढे आणावी. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, फोडणीचा ठसका, स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट, दूरदर्शनसंचाचा आवाज, आंघोळीच्या पाण्यासाठी हाका, आणि या सर्वांत तीन माणसे तिला एकाच वेळी तीन गोष्टी विचारत आहेत. हातांत बांगड्या, अंगावर जरीची खरबरीत किनार. दहा वाजता ती नोकरीवर जाते, तेव्हा दिवस सुरू होण्यापूर्वीच तिच्याजवळची शिल्लक संपत आलेली असते. संध्याकाळी परतल्यावर तिने अर्धा तास दार लावून अंधारात पडावे, तर ‘सून दार लावून बसते’ हे वाक्य नात्यागोत्यात पोहोचायला वेळ लागत नाही. तिच्यापाशी समाजमान्य निमित्त एकच आहे, ‘डोके दुखते आहे’, आणि तेही आठवड्यातून एकदाच चालते. उपवास, मौन, दुपारची पोथी यांनी पूर्वीच्या स्त्रियांना थोडी उसंत मिळवून दिली असेल. पण तिला आदर्श व्यवस्था मानण्याची भाबडी चूक करू नये. उसंतीसाठी देवाचे निमित्त काढावे लागत होते, हीच त्या व्यवस्थेची खरी ओळख आहे.

निभावण्याचे मार्ग म्हणून जे सुचवले जातात, ते फारसे अवघड नसतात. लुकलुकणारा दिवा बदलणे, मिक्सर लावण्यापूर्वी सांगणे, एका वेळी एकानेच बोलणे, लग्नाला जाऊन अक्षता पडताच निघणे, मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काही न ठरवणे, शिणाची पहिली खूण, मग ती शब्द न आठवणे असो वा उजेड टोचणे असो, ओळखून वेळीच थांबणे. यांतील जवळजवळ एकही गोष्ट त्या व्यक्तीला एकटीने करता येत नाही, ही खरी अडचण आहे. ‘स्वमग्नता’ या शब्दाने उपायही ‘स्व’च्याच माथी मारले. ताण-व्यवस्थापनावरील मराठी पुस्तके दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. मिक्सर कोण बंद करणार, याविषयी ती गप्प असतात.

डेसिबल आणि दाखला

कायद्याने या प्रश्नाला दोन बाजूंनी स्पर्श केला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र मानला. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल आणि डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल यांनी हे नियम गांभीर्याने घ्यायला लावले. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीने मात्र राज्य शासनाने स्वतंत्रपणे घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, असे केले. पाऊल मागे गेले, हे स्पष्टच आहे. त्यापलीकडेही एक मूलभूत उणीव उरते. डेसिबल तीव्रता मोजतो. अनपेक्षितपणा, स्वराची टोक आणि एकाच वेळी येणाऱ्या आवाजांची गर्दी तो मोजत नाही. पन्नास डेसिबलच्या आतला सदोष पंखा कायद्याने निर्दोष आहे.

दुसरी बाजू दिव्यांगत्वाची. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्थान दिले, वाजवी तजवीज नाकारणे हा भेदभाव मानला आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखल्या. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या पिढीचे सारे शिक्षण या नावाविना झाले आहे. राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. आणि जो उत्तम सोंग वठवतो त्याला तो मिळणे कठीण. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले, ही जमेची बाजू. तरीही प्रौढांच्या निदानाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञासाठी पुण्याची शंभर किलोमीटरची वाट धरणे अनेकांना भाग पडते. गर्दीची एसटी, स्वारगेटचा कोलाहल आणि परत तीच गाडी, ही त्या तपासणीची पूर्वपरीक्षाच म्हणायची.

दाखल्यावाचून काही करता येत नाही, ही महाविद्यालयांची समजूत मात्र चुकीची आहे. इंदापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून पहाटेची गाडी धरून येणारा विद्यार्थी पहिल्या तासाला बसतो तेव्हा त्याने दिवसातील निम्मे बळ खर्चलेले असते. त्याला खिडकीजवळची ठरलेली जागा देणे, प्रयोगशाळेतील तीव्र वासाच्या प्रयोगाची आगाऊ सूचना देणे, स्नेहसंमेलनाची सक्तीची हजेरी माफ करणे, ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात मंद उजेड ठेवणे, यांसाठी कोणत्याही वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही. ‘एकाला दिले तर सगळे मागतील’ ही हरकत विभागाच्या बैठकीत हमखास निघते. सगळ्यांनी शांत कोपरा मागितला, तर त्यातून महाविद्यालयाविषयीच काही कळेल.

परीक्षेचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे विश्वासापेक्षा संशयाची व्यवस्था आहे. कानात काहीही असू नये हा नियम नक्कल रोखण्यासाठी केलेला असून त्यामागचे कारण रास्त आहे. फोमची साधी बोळी थोडक्या रुपयांत मिळतात, त्यांत तार नसते, यंत्र नसते. तरीही भरारी पथकाच्या दृष्टीने ती कानातली वस्तूच असते. मुख्य रस्त्याला लागून असलेल्या परीक्षाकेंद्रावर मार्च-एप्रिलच्या लग्नसराईत तीन तास बसणाऱ्या विद्यार्थ्याला जादा वेळ देण्याची तरतूद आहे, ताशी किमान वीस मिनिटे. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला त्यामुळे चार तास मिळतात, आणि त्या चौथ्या तासातही वरात बाहेरच असते. बोळी तपासून परत देण्याचा अधिकार वर्गावरील पर्यवेक्षकाला असावा की केंद्रप्रमुखाला, एवढाच निर्णय परीक्षा समितीने घ्यायचा आहे.